सिमेंटला पंचमी नसते

माती रस्त्यावर आली होती.

दोन हातांत ताकाच्या दोन किटल्या आणि काखेत हळदीची पुडी घेऊन शंभूराज कब्बनपेटेतल्या त्या गल्लीत वळला, तेव्हा त्याला आधी वाटलं, कुणीतरी पुन्हा रस्ता खणला. मग वास आला. तीळतेल, हळद, कडुलिंब, आंबलेलं ताक, आणि या सगळ्याच्या तळाशी माणसांचा घाम. हा वास जगात एकाच ठिकाणी होता, माने तालमीच्या हौदात. कन्नड गल्ली तिला गरडी म्हणायची आणि मराठी घर तालीम म्हणायचं. वास दोघांनाही ओळखीचा होता.

आज तो वास गटाराच्या कडेला ढीग होऊन पडला होता, आणि गल्लीतल्या बायका त्यातून ओंजळीओंजळीनं प्लास्टिकच्या बादल्या भरत होत्या.

"काय चाललंय हे, जमनाक्का?"

समोरच्या घरातल्या जमनाबाईंनी मान वर केली. कोपरापर्यंत हात लाल झालेले. "गुडघ्याला लावायला नेते, अण्णा. तालमीची माती, औषध असतं हो. स्वल्पच घेतलीये."

"वीस वर्षं तुमची तक्रार होती ना? पहाटे पोरं शड्डू ठोकतात, झोप मोडते म्हणून? कॉर्पोरेटरकडे अर्ज कुणी दिला होता?"

"शड्डू बंद होऊन आठ वर्षं झाली की," जमनाबाई शांतपणे म्हणाल्या. "आता झोप लागते. पण गुडघा दुखतो."

शंभूराजनं किटल्या खाली आपटल्या. एकीचं झाकण उडालं आणि ताक रस्त्यावर सांडून मातीच्या ढिगाकडे पळालं. गेली अडीच तपं दर पंचमीला हेच ताक तो या मातीला पाजत आला होता. आजही मातीनं ते पिऊन टाकलं. तिला काय कळतं, घरात आहे की गटारापाशी.

दाराच्या वर पाटी तशीच होती: 'माने तालीम, स्थापना १६३८'. दाराच्या आत मात्र हौद नव्हता. दगडी काठ उपटून भिंतीला लावलेला. मधोमध उघडी, ओबडधोबड जमीन, तिच्यात जागोजाग पांढरी ढेकळं. एक गवंडी कोपऱ्यात सिमेंट कालवत होता. कोनाड्यातल्या मारुतीवर कुणीतरी सिमेंटची रिकामी पिशवी पांघरली होती, धूळ बसू नये म्हणून. आणि मारुतीशेजारी उभा होता त्याचा धाकटा भाऊ यशोवर्धन. कमरेला पेजर, पायांत बूट. हौदाच्या जागेवर, बूट!

"बूट काढ, येशा."

"अण्णा, आधी ऐक."

"आधी बूट काढ!"

"कशाला काढू? माती कुठाय इथे?"

असा हा यशोवर्धन. एस. पी. रोडवर कॉम्प्युटरचे सुटे भाग विकायचा आणि बोलायचाही तसंच, प्रत्येक गोष्टीचा भाग सुटा करून. शंभूराजनं त्याची कॉलर धरली. बेचाळीस वर्षांचा, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये खुर्चीवर बसून पोट सुटलेला शंभूराज. पण पंजा अजून पैलवानाचा होता. धाकट्याचे बूट जमिनीवरून सुटले.

"अप्पा आत्त्याला आणायला होसकोट्याला गेले आणि तू हे केलंस. दोन दिवस. म्हातारा बाप बहिणीला पंचमीला माहेरी आणायला गेला, आणि तू त्याचं घर पोखरलंस. चोरसुद्धा सणवार बघतो रे!"

"मीही बघितला," यशोवर्धन खाली टेकला आणि कॉलर नीट करत म्हणाला. "काल सगळी माती काढली. आज पंचमी. आज मातीला हत्यार लावायचं नाही. फावडं नाही, कुदळ नाही. अप्पांनीच शिकवलंय ना? आता माती आत घालायची म्हटली तरी आज कोण उचलणार?"

शंभूराजला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि कानशिलं तापली. पंचमीला जमीन खणायची नाही, नागाला लागतं, हा नियम या घरात मारुतीइतकाच मोठा. त्या नियमाचंच कुलूप करून यशोवर्धननं दाराला लावलं होतं.

"आणि हे काय आहे मग?" त्यानं गवंड्याकडे बोट केलं. "हे कालवतोय ते?"

"सिमेंटला कुठे पंचमी असते, स्वामी," गवंडी कन्नडात म्हणाला आणि पुन्हा कालवायला लागला.

"अकराला उमाकांत मास्टर येतायत," यशोवर्धन म्हणाला. "चटया येणार. पुढच्या सोमवारपासून कराटे क्लास. एकशे दहा पोरांची नावं आलीयेत, अण्णा. एकशे दहा! मागच्या वर्षी पंचमीला इथे किती जण होते? सांग. तू, मी, अप्पा आणि नारळ."

"फॅड आहे ते. वीस वर्षांमागे ते परदेशी मारामारीचे सिनेमे लागले, तेव्हाही निम्मी पोरं पळाली होती. चड्डीवर उड्या मारत 'हू हा' करत फिरत होती गल्लीभर. परत आली की नाही?"

"निम्म्यातली निम्मी आली. मग कराटे आलं, त्यातली निम्मी गेली. मग ते कोरियावालं आलं, पाय उंच करायचं. आता आयांना काय पाहिजे? पांढरा ड्रेस, कमरेला पट्टा, तीन महिन्यांनी परीक्षा, फोटो आणि सर्टिफिकेट. पोरगा पिवळ्याचा हिरवा झाला की अख्ख्या बिल्डिंगला पेढे. अप्पा काय देतात? चार वर्षं माती खायला घालतात आणि मग म्हणतात, अजून मान कच्ची आहे तुझी!"

"कच्चीच असते चार वर्षांत!"

"असेल. पण तुझी पिकली होती ना? तू का यायचा थांबलास?"

याला उत्तर होतं. गुडघा. उत्तर खोटं नव्हतं. पण पुरेसं नव्हतं, आणि हे यशोवर्धनला ठाऊक होतं. एकोणनव्वदच्या श्रावणात शंभूराज पहाटे पाचला लंगोट बांधून हौदात उतरला होता आणि साडेसहापर्यंत एकटाच बसला होता. जोडीला कुणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी तोही आला नाही. गुडघा त्यानंतर दोन महिन्यांनी दुखायला लागला.

तेवढ्यात दारात कावेरी आली, शंभूराजची बायको. हातात पुरणाच्या दिंडांचा डबा, मागे चौदा वर्षांची रम्या. रम्यानं भर उन्हात रेनकोट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून.

कावेरी उंबऱ्याशी थांबली. लग्नाला सोळा वर्षं झाली, ती या उंबऱ्याशीच थांबत आली होती. बाईमाणसानं हौद ओलांडायचा नाही, हौदाचं तोंडही बघायचं नाही, ताकाची किटली उंबऱ्यावर ठेवून मागे फिरायचं. आज तिनं आत बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

"वैनी, सांगा यांना," यशोवर्धन म्हणाला.

शंभूराज सावकाश वळला. "तिनं काय सांगायचं? तिला माहीत होतं?"

रम्यानं रेनकोटचं पहिलं बटण काढलं, मग दुसरं. आत पांढरा ड्रेस. कमरेला हिरवा पट्टा.

"किती दिवस झाले?"

"दीड वर्ष," कावेरी म्हणाली.

"शनिवारची गणिताची शिकवणी ती हीच काय?"

"हीच."

"माझ्या घरात? मान्यांच्या घरात? ऑफिसात मी लोकांना सांगतो, शहाजीराजांबरोबर आलेलं घराणं, साडेतीनशे वर्षांची तालीम, आणि माझी पोरगी..."

"तुमच्या पोरीला घेतलं असतं तुम्ही त्या तालमीत?" कावेरीचा आवाज चढला नाही, पण त्याला धार आली. "सहा वर्षांची होती. दारात उभी राहून म्हणाली होती, मला पण उतरू दे. अप्पांनी काय केलं? हसले. तुम्ही पण हसलात. मी घरी नेऊन तिचे डोळे पुसले, सगळी दुपार. बसमध्ये कुणी अंगाला हात लावला तर ती काय साडेतीनशे वर्षांची पाटी दाखवणार? उमाकांत मास्टरांनी विचारलं नाही ती मुलगा की मुलगी. त्यांनी विचारलं, मापाचा ड्रेस आहे का."

आणि मग तिनं पाय उचलला आणि उंबरा ओलांडला. हौदच नव्हता, तर अडवायला काय उरलं होतं? ती चालत मधोमध आली, तशीच पलीकडच्या भिंतीशी गेली आणि डबा दगडी काठावर ठेवला. शंभूराजला वाटलं, हिला ओरडावं. पण काय म्हणून ओरडावं ते सुचेना, म्हणून त्यानं गवंड्याला शिवी दिली.

उमाकांत मास्टर अकराऐवजी साडेदहालाच आले. किडकिडीत, पन्नाशीचे, निळ्या ट्रॅकसूटमध्ये. दारात बूट काढले, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. शंभूराजनं ते पाहिलं, आणि पाहिलं म्हणून त्याला जास्तच राग आला.

"या, या! मालक आले. किती वर्षांचा विचार आहे, मास्टर? का तुमचीही स्थापना १६३८?"

"अकरा महिन्यांचा करार आहे, सार," मास्टर तुटक्या मराठीत म्हणाले. "जास्ती नको म्हटलं मीच. माझ्या जुन्या हॉलमध्ये आधी तीनशे पोरं होती. आता तिथे खाली कॉम्प्युटर क्लास निघाला. पोरं जिना चढायच्या आधी खालीच बसतात." यशोवर्धनकडे बघून ते ओशाळं हसले. "कॉम्प्युटर यांच्याच दुकानातले."

यशोवर्धननं पेजर उगाच बघितला.

बाहेर ऑटो थांबली. ढिगापाशी बायकांचा आवाज एकदम बंद झाला. अप्पा आले होते.

प्रतापराव माने, दोघा भावांचे वडील, वय एकाहत्तर, मोडलेले कान, मान अजून खांद्याएवढी. एका हातात नारळ. दुसऱ्या हातानं त्यांनी थोरल्या बहिणीला, ठकुबाईला उतरवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती म्हातारी हिरवं नऊवारी नेसून माहेरी आली होती. अप्पांनी ढीग पाहिला. जमनाबाईंनी बादली पाठीमागे लपवली. अप्पा आत आले, उघड्या जमिनीकडे पाहिलं, पिशवी पांघरलेल्या मारुतीकडे पाहिलं. रम्याच्या ड्रेसकडे, कावेरीच्या पायांकडे पाहिलं. सगळे वाट बघत होते, म्हातारा आता कोसळतो का गरजतो.

"मातीची पहिली पाटी कुणी उचलली?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, बसा आधी. मी थोडी ठेवलीये." यशोवर्धननं खिडकीतून एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. "शोकेसमध्ये ठेवू. काच लावून."

"पहिली पाटी कुणी उचलली?"

"कूली लोकांनी."

अप्पांचा हात कधी उठला ते कुणाला दिसलं नाही. आवाज तेवढा आला. यशोवर्धनचा चष्मा मारुतीच्या पायाशी जाऊन पडला आणि बिस्किटाचा डबा घरंगळत कोपऱ्यात गेला.

"मारा," यशोवर्धन म्हणाला. गालावर पाच बोटं उठली होती, डोळ्यांत पाणी होतं, पण तो हलला नाही. "अजून मारा. या जागेवर आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कुणाला मारलं. पण सिमेंट थांबत नाही, अप्पा. कालवलंय ते घट्ट होतंय." त्यानं गवंड्याच्या हातातलं भरलेलं घमेलं ओढून घेतलं आणि रम्याच्या हातात दिलं. "रम्या, ये. पहिलं घमेलं तू ओत. घरातल्या लेकराचा हात लागू दे. शुभ असतं."

आणि ठकुबाई हसली.

आधी हळू, मग खदखदून, मग पदर तोंडाला लावून, मग खोकत. कावेरीनं तिला दगडी काठावर टेकवलं.

"हसते काय, आत्त्या?" शंभूराज खेकसला. "यात हसण्यासारखं काय आहे?"

"मला आणायला गेलेल्याचंच जातं रे," ठकुबाई डोळे पुसत म्हणाली. "दोन्ही वेळा! पर्ताप, सांग की यांना. का मी सांगू?"

"ठके, गप्प बस," अप्पा म्हणाले.

"साठ वर्षं गप्पच बसले. बासष्ट झाली." तिनं काठीनं जमिनीवरचं एक पांढरं ढेकूळ टोकरलं. "हे काय आहे, माहीत आहे? चुना. आमचा आजा कृष्णाजी, त्याची ही चुन्याची जमीन. आरशासारखी. इथे कुस्ती नव्हती रे बाबांनो. इथे पट्टा फिरायचा. दांडपट्टा, लाठी, बोथाटी. मातीत पट्टा फिरतो काय? पाय रुततो. मग कुस्त्यांचे फड आले, तिकिटं लागायला लागली, म्हैसूरपासून पैलवान यायचे. पोरं पट्टा टाकून पळाली. कोण बघतो म्हाताऱ्याचा पट्टा! माझं नवं लग्न झालेलं. आजा मला पंचमीला आणायला होसकोट्याला आला. आणि मागे माझ्या बापानं, गुंडोजीनं, ही जमीन फोडली आणि वर लाल माती ओतली. आम्ही आलो तर पंचमी. उकरायची सोय नाही."

गवंडीसुद्धा कालवायचा थांबला होता, मराठी जेमतेम कळत असूनही.

"आजा विचारत होता, पहिली पाटी कुणी ओतली? हात तोडतो म्हणाला. तर बाप म्हणाला, लेकरानं ओतली. शुभ असतं म्हणून. तोड म्हणाला हात." ठकुबाईनं काठी भावाकडे वळवली. "नऊ वर्षांचं लेकरू. आजा कुणाचे हात तोडणार? खाली मान घालून बाहेर जाऊन बसला. मरेपर्यंत या दारात आला नाही."

अप्पा मारुतीकडे तोंड करून उभे राहिले.

"आणि ती पाटी?" शंभूराजनं दाराकडे हात केला. "सोळाशे अडतीस?"

"मी लिहवून घेतली," अप्पा म्हणाले. "सिनेमे लागले तेव्हा. पोरं जायला लागली. वाटलं, जुनं आहे म्हटलं की राहतील. साइनबोर्डवाल्यानं विचारलं साल काय टाकू. मी म्हटलं, टाक जुनं काहीतरी, शहाजीराजांच्या वेळचं."

जुनं काहीतरी! वीस वर्षं शंभूराज हे साल छातीवर लावून फिरला होता. कँटीनमध्ये, लग्नात, कावेरीशी भांडताना. धाकट्या भावाची कॉलर त्यानं याच सालाच्या जोरावर धरली होती. आता राग कुठे ठेवावा कळेना. येशावर ठेवावा तर तो गुंडोजी आजोबांचाच नातू निघाला. अप्पांवर ठेवावा तर ते नऊ वर्षांचे होते. कराटेवर ठेवावा तर कराटे बिचारं अकरा महिन्यांचं पाहुणं.

मग त्याची नजर रम्यावर गेली.

ती घमेलं धरून उभी होती. कुणी तिला खाली ठेव म्हटलं नव्हतं. हिरव्या पट्ट्याखाली कंबर ताठ, दात घट्ट, आणि कोपरं थरथरत होती. ती एकदा काकाकडे बघत होती, एकदा आजोबांकडे. ओतलं तर आजोबांचं पाप, नाही ओतलं तर काकाचं नुकसान. आणि सगळे मोठे तिच्या हातांकडे बघत होते. सगळे. अप्पासुद्धा, मारकुट्या बैलासारखी मान असलेले अप्पासुद्धा, डोळ्यांनी म्हणत होते, ओत बाई, म्हणजे मला कुणाला नाही म्हणावं लागणार नाही.

शंभूराजला आतापर्यंतचा सगळा राग पोरखेळ वाटावा असा राग आला.

"ठेव खाली!" तो ओरडला. रम्या दचकली. "नको, आण इकडे. दे मला." त्यानं तिच्या हातातून घमेलं हिसकून घेतलं. "लाज वाटत नाही? चार पिढ्यांचे पैलवान! जुनं मोडायचंय तर स्वतःच्या हातानं मोडा ना! प्रत्येक वेळी लेकराला पुढे करता आणि आपण मागे उभे राहून शुभ, शुभ म्हणता! हे साठ वर्षं झुरले त्या एका पाटीपायी." त्यानं अप्पांकडे मान झटकली. "आता ही झुरणार साठ वर्षं? माझी पोरगी? नाही झुरणार. येशा, तुला पाहिजे ना हे? मग घमेलं तिच्या हातात का दिलंस? तुझे हात काय फक्त पेजर दाबायला?"

यशोवर्धन एक पाऊल पुढे आला.

"अण्णा, मी..."

"सरक."

आणि ज्या माणसानं तासाभरापूर्वी बुटांवरून भावाची गचांडी धरली होती, त्यानं स्वतःच्या चपला काढल्या, अनवाणी मधोमध गेला, आणि फुटक्या चुन्यावर ते घमेलं उपडं केलं. राखाडी, थंड, बिनवासाचं. मग गवंड्याकडून दुसरं घेतलं. मग तिसरं. दुखरा गुडघा प्रत्येक वाकण्याला कुरकुरत होता. चौथ्या घमेल्याला कुणीतरी शेजारी आलं. यशोवर्धन, बूट काढून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. गवंडी थापीनं सारखं करत त्यांच्या मागून सरकत राहिला.

अप्पांनी नारळ फोडला नाही. तो मारुतीपुढे तसाच ठेवला, सिमेंटची पिशवी काढून घडी घातली, आणि ठकुबाईशेजारी काठावर जाऊन बसले.

"पहिलं कुणी ओतलं म्हणून विचारलं, तर काय सांगायचं?" तिथून त्यांनी विचारलं. आवाजात माया नव्हती. क्षमाही नव्हती.

"शंभूराज म्हणून सांगायचं," शंभूराज म्हणाला. तो गुडघा धरून ओल्या सिमेंटच्या कडेला बसला आणि बोटानं लिहायला लागला. अक्षरं टेलिफोनच्या रजिस्टरात असायची तशी, उजवीकडे कललेली.

शंभूराज प्रताप माने. पंचमी, १९९७.

"वर चटया येणार," यशोवर्धन हळूच म्हणाला. "कुणाला दिसणार नाही ते."

"आत्ता कुणाला दाखवायचंय?" शंभूराजनं बोट विजारीला पुसलं. "पुढचा फोडेल तेव्हा बघेल."

तो उठला आणि बाहेर गेला. ढीग निम्मा सरला होता. जमनाबाई त्याला बघून पुन्हा बादली लपवायला लागल्या. त्यानं ती त्यांच्या हातातून ओढून घेतली, खाली बसला, आणि हातांनी, फावड्याशिवाय, काठोकाठ भरून दिली.